चेटकिणीचा हिशेब : शहरी अद्भुतकथेबद्दल वाचकांचे प्रश्न

आजच्या शहरात घडणारी अद्भुतकथा, आणि तिच्यात एकेकाळी काळी जादू केलेली, आता त्यातून बाहेर पडू पाहणारी चेटकीण. या एकाच विषयावर इतके प्रश्न आले की हे सगळं सदर त्यालाच दिलं आहे. सलगता राहावी म्हणून बहुतेक उत्तरांत एकच उदाहरण घेतलं आहे. आपली चेटकीण झोप विकते. एकाची झोप काढून घेते आणि पैसे मोजणाऱ्या दुसऱ्याला देते. हे उदाहरण इथल्यापुरतं रचलेलं आहे, हवं त्याने उचलावं.

प्रश्न : माझ्या चेटकिणीने पूर्वी शेकडो लोकांचे बळी घेतले आहेत, असं पहिल्याच प्रकरणात सांगितलं आहे. तरी मसुदा वाचणाऱ्यांना तिचा अपराध जाणवत नाही. उलट सगळे तिला ‘बिचारी’ म्हणतात. कुठे चुकतंय?

‘शेकडो’ वाचकाला दिसत नाहीत, एक माणूस दिसतो. तेव्हा आकडा खोडा आणि एकच बळी निवडा. तो पानावर जिवंत असताना भेटला पाहिजे.

समजा, एका इमारतीचा रात्रपाळीचा पहारेकरी आहे. तो दिवसा झोपतो आणि चेटकीण त्याच्या झोपेतले चार तास रोज काढून घेते, सलग ४० दिवस. म्हणजे १६० तास. आता हे १६० तास त्याच्या अंगावर उतरताना दाखवा. सुरुवातीला तो चिडचिडा होतो. मग रोजच्या रहिवाशांची नावं आठवेनाशी होतात. नोंदवहीत एकाच गाडीचा नंबर तो दोनदा लिहितो. पुढे डोळे उघडे असताना मेंदू काही सेकंदांपुरता झोपायला लागतो. अपुऱ्या झोपेत हे खरोखर होतं आणि त्या माणसाला त्याचा पत्ताही नसतो. एका रात्री चौथ्या मजल्यावर लिफ्ट बंद पडली आहे, दार उघडं राहिलं आहे आणि हा ते लावायला गेला आहे. त्याला तीनच सेकंद डुलकी लागते.

एवढ्यानेही काम भागणार नाही. अपराध ठरायला आणखी तीन गोष्टी पानावर लागतात. काय होणार हे तिला माहीत होतं. दुसरा मार्ग तिला उपलब्ध होता. आणि यातून तिला काही मिळालं. तिसरी गोष्ट लेखक हटकून गाळतात, कारण नायिका लोभी दिसू नये असं त्यांना वाटतं. ती लोभी दिसू द्या. लोभी बाई बदलली तर ती गोष्ट होते. जिचं कधी चुकलंच नव्हतं तिच्या बदलण्यात सांगण्यासारखं काही नसतं.

‘बिचारी’ हा शिक्का बहुधा क्रमामुळे बसतो. मसुद्यात तिचं होरपळलेलं बालपण आधी आणि कृत्य नंतर येत असेल, तर वाचकाने कृत्य घडण्याआधीच तिला माफ केलेलं असतं. क्रम उलटा करा. कृत्य आधी, कारण पुष्कळ पुढे, आणि कारण कळलं तरी ते पुरेसं वाटता कामा नये. वाक्यरचनाही तपासा. ‘तिच्या हातून मृत्यू झाला’, ‘अघटित घडलं’ अशी वाक्यं मसुद्यात सापडतील तिथे ‘तिने मारलं’ असं लिहून पाहा. वाक्य सहन होईना झालं तर ते बरोबर जमलं.

प्रश्न : शेवटच्या प्रसंगात ती जादूनेच सगळं निस्तरते आणि ते फार सोपं वाटतं. जादूचे नियम किती असावेत, कधी सांगावेत?

तीन नियम पुरतात. ८० हजार शब्दांची कादंबरी असेल तर पहिल्या २० हजारांत तिन्ही यायला हवेत. व्याख्यान देऊ नका. प्रत्येक नियम एकदा चालताना आणि एकदा फसताना दाखवा, वाचक आपोआप शिकतो.

आपल्या चेटकिणीचे नियम असे धरू. पहिला : झोप तयार करता येत नाही, फक्त एकाकडून दुसऱ्याकडे नेता येते. दुसरा : वाटेत चौथा हिस्सा विरून जातो. चार तास काढले तर गिऱ्हाइकाला तीनच मिळतात. तिसरा : ज्याची झोप काढायची त्याचं खरं नाव आणि त्याच्या अंथरुणातली एखादी वस्तू लागते.

आता एक वही घ्या आणि कादंबरीतल्या प्रत्येक जादूची नोंद चार रकान्यांत करा : कुणी मागितलं, कुणाला मिळालं, कुणाकडून गेलं, किती गेलं. या सदरात आम्हाला एकच गोष्ट पटवायची असेल तर ती ही की, तिसरा रकाना हाच या प्रकारच्या कथेचा कणा आहे. काळी जादू काळी ठरते ती रक्ताने, कवट्यांनी किंवा अमावास्येने नव्हे, तर तिची किंमत जादू करणारीला मोजावी लागत नाही म्हणून. आणि परतीची वाट सुरू होते ती त्या रकान्यात ती स्वतःचं नाव लिहिते तेव्हा. तुमच्या शेवटच्या प्रसंगात तिसरा रकाना बहुधा कोरा असेल. म्हणून तो प्रसंग सोपा वाटतो.

आकडे मांडले की कथानकाची लांबीही हाती येते. समजा, पहारेकऱ्याखेरीज तिचे सहा बळी जिवंत आहेत आणि त्यांचे मिळून ९०० तास परत द्यायचे आहेत. चौथा हिस्सा विरतो, म्हणजे तिला स्वतःचे १२०० तास काढावे लागतील. रोज तीन तास दिले तर ४०० रात्री, वर्षाहून अधिक काळ. तिने घाई करून सगळीच झोप द्यायची ठरवली तर काय होईल, याचाही खरा संदर्भ आहे. रँडी गार्डनर हा १७ वर्षांचा विद्यार्थी एका प्रयोगासाठी २६४ तास, म्हणजे ११ दिवस जागा राहिला होता. तो प्रयोग जानेवारी १९६४ मध्ये संपला. तुमची चेटकीण माणूसच असेल तर हा आकडा लक्षात ठेवूनच लिहा. सलग जागरणात तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून भास होऊ शकतात, आणि भास होणाऱ्या बाईच्या हाती जादू असणं हा स्वतंत्र धोका आहे. तो कथेत वापरा.

गिऱ्हाइकांना विसरू नका. वाल्याच्या गोष्टीत तो घरी जाऊन विचारतो, माझ्या पापात तुम्ही वाटेकरी आहात का? घरचे साफ नाही म्हणतात. पहारेकऱ्याच्या झोपेवर शांत झोपलेल्या गिऱ्हाइकाला हाच प्रश्न चेटकिणीने विचारला तर तो काय उत्तर देईल? हे प्रकरण लिहाच, कारण इथे शहराचाही जाब विचारला जातो.

प्रश्न : पश्चात्ताप झाल्यावर तिची शक्ती काढून घेतली तर? शिक्षा म्हणून ते योग्य वाटतं.

शिक्षा म्हणून ठीक, पण कथेचं नुकसान होतं. बाराव्या शतकातला ज्यू विचारवंत मायमोनिडीज याने पुऱ्या पश्चात्तापाची कसोटी सांगितली आहे : तेच पाप करण्याची संधी पुन्हा समोर येते, करण्याची ताकदही असते, आणि तरी माणूस ते करत नाही. भीतीपोटी नाही, दुबळेपणामुळेही नाही. शक्तीच काढून घेतली तर ही कसोटी घेताच येत नाही. ती बदलली की फक्त हतबल झाली, हे वाचकाला कधीच कळणार नाही.

तेव्हा शक्ती राहू द्या आणि मोहाचा प्रसंग जवळजवळ पहिल्या कृत्यासारखाच रचा. तसाच पहारेकरी, तशीच नोंदवही, मागणारी व्यक्ती मात्र तिच्या जिवाभावाची. हा प्रसंग साधारण तीन-चतुर्थांशाच्या आसपास बसतो. तिने नकार दिल्यावर लगेच काही चांगलं घडलं, तर नकाराची धार जाते. नकारामुळे तिचं काहीतरी जायला हवं.

प्रश्न : माझी कथा शहरात घडते, पण ती एखाद्या जुन्या किल्ल्यात घडली असती तरी चाललं असतं, असा अभिप्राय मिळाला. शहर ‘कामाला लावायचं’ म्हणजे काय करायचं?

आधी अभिप्राय देणाऱ्याचीच कसोटी लावा. प्रत्येक प्रसंग मनातल्या मनात किल्ल्यात नेऊन पाहा. जिथे निकाल बदलत नाही तिथे शहर नुसता पडदा आहे.

जगभरच्या लोकसमजुतींत दुष्ट शक्तीला अडवणाऱ्या वस्तू आणि जागा पुन्हा पुन्हा त्याच येतात : लोखंड, मीठ, उंबरठा, चौरस्ता, वाहतं पाणी. या गोष्टी शहरात आणल्या की त्यांचं रूप बदलतं. वाहत्या पाण्याचं उदाहरण घ्या. बऱ्याच शहरांनी आपल्या जुन्या नद्या-ओढे रस्त्याखाली बुजवले आहेत. लंडनची फ्लीट नदी आज शहराच्या पोटातून, गटारांच्या वाटेने वाहते. वर वाहनांची गर्दी असते आणि खाली पाणी वाहतच असतं. चेटकिणीला वाहतं पाणी ओलांडता येत नाही असा नियम असेल, तर इतर कुणाला न दिसणाऱ्या भिंती तिच्यासाठी शहरभर उभ्या राहतात. ती सिग्नलपाशी येऊन थांबते आणि बरोबरच्या माणसाला कारण कळत नाही.

यासाठी तुमच्या कथेतल्या शहराचा नकाशा काढा, खरं असो वा कल्पित. त्यावर तीन रंगांत रेघा ओढा : बुजलेले पाण्याचे प्रवाह, रेल्वेचे रूळ (लोखंड) आणि रात्री माणसांचा वावर असलेले रस्ते. चेटकीण कुठे राहू शकते, कुठून पळू शकत नाही, हे नकाशाच सांगेल. पाठलागाचं प्रकरण निम्मं तिथेच रचून होतं.

शहराची दुसरी ताकद म्हणजे अनोळखी माणसांची दाटी. झोपेचा बाजार शहरातच का चालतो? कारण तिथे रात्रपाळ्या आहेत, आणि शेजारच्या माणसाला तीन आठवडे झोप नाही हे तिथे कुणाच्या लक्षात येत नाही. खऱ्या नावाचा नियम आठवा. गावात सगळ्यांना सगळ्यांची नावं माहीत असतात. शहरात पहारेकऱ्याचं नाव रहिवाशांनाही ठाऊक नसतं, पण ते त्याच्या शर्टावरच्या बिल्ल्यावर छापलेलं असतं. नावासाठी चेटकिणीला बिल्ला वाचावा लागतो, बस्स. नियम, जागा आणि अपराध असे एकाच वस्तूत आले की शहर कामाला लागलं समजा.

एक तांत्रिक अडचण आधीच सोडवून ठेवा. जादू कॅमेऱ्यात दिसते का? हे पहिलं प्रकरण लिहिण्याआधी ठरवलं नाही, तर चाळिसाव्या पानावर सीसीटीव्ही तुमचं कथानक मोडतो. ‘दिसत नाही’ हे उत्तर सोपं, पण कोरडं आहे. ‘दिसते, पण बघणाऱ्याला झोप लागते’ हे आपल्या चेटकिणीला शोभणारं उत्तर.

प्रश्न : पहारेकऱ्यासारख्या बळीची बायको शेवटी चेटकिणीला माफ करते, असं दाखवावं का?

दाखवता येईल, पण कथेचा भार त्यावर टाकू नका. अंगुलिमालाची कथा या बाबतीत फार उपयोगी आहे. मज्झिम निकाय या पाली बौद्ध ग्रंथातल्या ८६व्या सुत्तात (प्रवचनात) ती येते. मारलेल्यांच्या बोटांची माळ घालणारा हा दरोडेखोर बुद्धांना भेटून भिक्षू होतो. पुढे एक स्त्री प्रसूतीत अडली आहे हे पाहून तो हेलावतो. बुद्ध त्याला सांगतात की तिच्याकडे जा आणि म्हण, ‘जन्मल्यापासून मी जाणूनबुजून कुणाचा जीव घेतलेला नाही, या सत्याने तुझं भलं होवो.’ अंगुलिमाल म्हणतो, हे तर खोटं होईल. मग वाक्य बदलतं : ‘आर्य जन्म घेतल्यापासून’, म्हणजे भिक्षू झाल्यापासून, घेतलेला नाही. हे वाक्य खरं आहे आणि ते काम करतं. त्या स्त्रीची सुटका होते.

लेखक म्हणून इथे थांबून बघा. त्याचं पुण्य ‘मी चांगला आहे’ यात नाही. आधीचा काळ वगळल्याशिवाय वाक्य खरं होत नाही, आणि तो काळ वगळताना तो कबूल करावाच लागतो. तुमच्या चेटकिणीचा शेवटचा मंत्रही असा रचता येईल : खोटं बोलली तर चालणारच नाही असा.

आणि माफी? त्याच सुत्तात पुढे तो भिक्षेला जातो तेव्हा त्याच्यावर ढेकळं, काठ्या, दगड येऊन पडतात. डोकं फुटलेलं, भिक्षापात्र मोडलेलं, चीवर फाटलेलं अशा अवस्थेत तो परततो. बुद्ध त्याला म्हणतात, सहन कर. तो आतून मुक्त झालेला आहे, तरी लोक मारायचे थांबत नाहीत. मार खाताना तो पूर्वीचा राहिलेला नाही हे दिसतं, आणि कुणालाही माफ करायला लावावं लागत नाही.

तेव्हा तीन धागे वेगळे ठेवा : तिचं बदलणं, भरपाई आणि माफी. पहिले दोन तिच्या हातात आहेत. तिसरा बायकोच्या हातात आहे आणि लेखकाने तो तिच्याकडून ओढून घेऊ नये. कबुलीच्या प्रसंगात चेटकिणीला रडवू नका, ‘पण’ म्हणू देऊ नका, माफी मागायलाही लावू नका. बायकोला प्रश्न विचारू द्या आणि प्रश्न साधे ठेवा :

‘ह्यांची झोप कुणाला दिलीस?’

‘एका गिऱ्हाइकाला. लांबच्या विमानप्रवासाचा शीण होता त्यांना.’

‘ह्यांना कळत होतं?’

‘नाही. वय झालं, असं वाटायचं तुमच्या यजमानांना.’

‘किती घेतलेस?’

ती आकडा सांगते. बायको ‘तू’ म्हणते, चेटकीण ‘तुम्ही’पाशीच राहते. त्यांच्यातलं अंतर एवढ्यानेच कळतं, वेगळं वर्णन लागत नाही.

प्रश्न : चेटकीण ठरवून खऱ्या बायकांना मारलं गेलं आहे. अशा वेळी ‘खरोखर दुष्ट चेटकीण’ लिहिणं बरोबर आहे का?

प्रश्न रास्त आहे आणि तो मनात ठेवूनच लिहायला हवं. युरोपात पंधराव्या ते अठराव्या शतकांत चेटूक केल्याच्या आरोपावरून साधारण ४० ते ६० हजार माणसांना मृत्युदंड दिला गेला, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. त्यात बहुसंख्य स्त्रिया होत्या. अमेरिकेतल्या सेलममध्ये १६९२ साली १९ जणांना फाशी दिलं गेलं, त्यात १४ स्त्रिया होत्या. तिथे ‘आरोपीची छाया येऊन मला छळते’ ही साक्ष पुरावा म्हणून धरली गेली. स्वित्झर्लंडमध्ये आना गोल्दी हिचा १७८२ मध्ये शिरच्छेद झाला आणि ती निर्दोष होती हे अधिकृतपणे मान्य व्हायला २००८ उजाडलं.

यातून लेखनासाठी दोन गोष्टी निघतात. एक, तुमच्या चेटकिणीचा दोष तिच्या कृत्यात असू द्या. तिचं वय, एकटेपण, रूप, वैधव्य, औषधी झाडपाल्याचं ज्ञान यांत नको, कारण नेमक्या याच गोष्टींवरून निरपराध बायकांवर संशय घेतला गेला. आपली झोप विकणारी बाई कार्यालयात काम करणारी, चारचौघींसारखी, सगळ्यांना आवडणारी असू शकते. दोन, शहरात जादू खरी असेल तर खोटे आरोपही होणारच. तिच्या कृत्यासाठी भलतीच बाई धरली जाते, आणि हिला गप्प राहून सुटता येतं. असा पेच प्रायश्चित्ताच्या कथेला वरदान आहे. पुरावा काय मानायचा, हा प्रश्न तिथे आपोआप उभा राहतो.

प्रश्न : शेवटी ती शहरासाठी प्राण देते. हा शेवट घासून गुळगुळीत झाला आहे का?

झाला आहे. मरणाने हिशेब एका रकमेत चुकता होतो आणि लेखकही सुटतो. ४०० रात्री रोज तीन तास कमी झोपायचं, सकाळी कामावर जायचं, आणि दोनशेव्या रात्री ‘पुरे आता’ असं वाटूनही देत राहायचं, हे लिहायला अवघड आहे आणि वाचायला जास्त हलवून टाकणारं. पहारेकऱ्याचे १६० तास तर तिला कुणालाच परत देता येणार नाहीत. ते तिच्याकडे देणं म्हणून शिल्लक राहतात. त्यांचं ती काय करते, हा तुमच्या शेवटच्या प्रकरणाचा विषय होऊ शकतो.

तिला मारायचंच असेल तर एक अट पाळा : मरण तिने निवडलेल्या कामातून यावं, शिक्षा म्हणून वरून पडू नये. आणि काम तिच्या मरणाने पुरं होऊ नये. राहिलेल्या रात्री दुसऱ्या कुणाला तरी घ्याव्या लागाव्यात.

प्रश्न : निवेदन ‘मी’चं ठेवावं की ‘ती’चं?

या प्रकारच्या कादंबऱ्यांत ‘मी’ फार चालतो आणि तो वेगवान असतो. पण अपराधी ‘मी’ स्वतःची वकिली करू लागतो. ‘मी’ घ्यायचा तर पहारेकऱ्याची किमान दोन-तीन प्रकरणं त्याच्या बाजूने, तृतीय पुरुषात लिहा. त्यातलं एक प्रकरण तिच्या कबुलीच्या लगेच आधी ठेवा, म्हणजे ती काय गाळते आहे हे वाचकाला जागच्या जागी ताडून पाहता येईल.